सहलीत न प्यालेले पाणी

मुलांचा शेवटचा पेपर झाला, की आमच्या घोटावड्यात घरोघरी एकच विषय निघतो. यंदा कुठे जायचे? भाताची खाचरे मोकळी असतात, लग्नसराईतून कसाबसा एखादा दिवस सापडतो आणि ताम्हिणी उतरले की कोकण लागते. त्यामुळे मुळशी तालुक्यातल्या जीपगाड्या मे महिन्यात बहुधा मुरूडकडे वळतात. मुलांना समुद्र हवा असतो आणि मोठ्यांना जंजिरा. चारी बाजूंनी पाणी आणि मध्ये किल्ला, याचे आकर्षण साठी उलटलेल्यांनाही असते आणि सहा वर्षांच्या पोरालाही.

डॉक्टर म्हणून या सुट्टीचा माझा हिशेब थोडा वेगळा आहे. मे अखेरीस आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात दवाखान्यात मुलांचे जुलाब, उन्हाने सोलवटलेल्या पाठी, मुरगळलेले घोटे हे तर येतेच. पण त्यांच्याबरोबर दरवर्षी घरातल्या बायकाही येतात, आणि त्या मुलांचे दाखवून झाल्यावर, उठता उठता स्वतःचे सांगतात. लघवीला जळजळ होते, सारखे जावेसे वाटते आणि थेंबभरच होते, काल संध्याकाळी थंडी वाजून ताप आला. ‘कुठे बाहेर गेला होतात का?’ असे विचारले, की बहुतेकींचे उत्तर एकच असते. परवाच सहलीहून आलो. आजचा लेख त्या उत्तराविषयी आहे.

समुद्राची भीती आपल्याकडच्या लोकांना असते आणि ती असावीच. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी बुडाले, ती बातमी आपल्या भागात अजून कुणी विसरलेले नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. तेव्हा होडीत बसताना प्रत्येकाने, विशेषतः लहान मुलांनी, जीवरक्षक जॅकेट घालावे आणि ते पुढून बांधावे. नुसते खांद्यावर टाकलेले जॅकेट पाण्यात पडल्यावर अंगावर राहत नाही. होडीत जागा नसेल तर पुढच्या होडीने जावे. एवढे सांगून मी मूळ विषयाकडे येतो, कारण बुडण्याच्या भीतीने सावध असलेली माणसे दुसऱ्या एका बाबतीत अगदी गाफील असतात.

बेटाची गोष्ट इतर ठिकाणांपेक्षा निराळी असते, ती एका कारणाने. तिथून आपल्याला वाटेल तेव्हा निघता येत नाही. सिंहगडावर कुणाला बरे वाटेनासे झाले तर गाडीत घालून अर्ध्या-पाऊण तासात खाली आणता येते. जंजिऱ्यावर तुम्ही होडीवाल्याच्या वेळेने जाता आणि त्याच्याच वेळेने परतता. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते, पण भरती लागली की परतीची वाट पाण्याखाली जाते. मालवणच्या सिंधुदुर्गालाही होडीच लागते. घारापुरीला गेटवेपासून साधारण तासभराचा बोटीचा प्रवास, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. त्यात शाळांची सुट्टी म्हणजे धक्क्यावर रांग, होडीत बसायला रांग, परतताना पुन्हा रांग. सकाळी जे काम तासाभरात व्हावे, त्याला दुपार उलटते. आणि ही सारी दुपार सावलीशिवाय काढायची असते.

आपले लोक म्हणतात, समुद्रावर कसले आले ऊन? वारा असतो की! पुण्यात पारा एकोणचाळीसवर गेलेला असतो आणि मुरूडला चौतीस, म्हणजे पाच अंशांनी थंड, असा हा सरळ हिशेब. तो फसवा आहे. आपले शरीर थंड होते ते घाम येण्याने नव्हे, तर आलेला घाम वाळण्याने. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी असते, घाम चटकन उडून जातो आणि अंग निवते. किनाऱ्यावर हवेतच पाण्याचा अंश इतका असतो की घाम अंगावरून ओघळतो, कपडे भिजवतो, पण वाळत नाही. म्हणजे पाणी आणि मीठ तर शरीरातून जाते, गारवा मात्र मिळत नाही. त्यात किल्ल्याच्या उंच तटाआड वारा अडतो आणि काळा पाषाण सकाळपासून तापलेला असतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर भर दुपारी उघड्यावर बसलेल्या गर्दीतली चौदा माणसे उष्माघाताने दगावली. त्या दिवशी तिथला पारा चाळीसच्या खालीच होता, हे मुद्दाम लक्षात घ्यावे.

त्यानंतर महिन्याभरातच, मेच्या दुसऱ्या आठवड्यात, आम्ही घरची मंडळी जंजिऱ्याला गेलो. थोरले बंधू, वहिनी, त्यांची दोन मुले, आमची सौभाग्यवती, आमची मुलगी, माझी आई, आणि सोबत बहिणीची दोन मुले. पहाटे पाचला घोटावडे सोडले. पौड, मुळशी धरण, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, आणि तिथून इंदापूर-तळ्यावरून राजपुरी. दहाच्या सुमारास धक्क्यावर पोचलो तर माणसांची जत्रा. होडीत बसायलाच पावणेबारा झाले. जंजिऱ्याच्या दारापाशी होडी लाटेवर वरखाली होत होती आणि खलाशाचा हात धरून नेमक्या क्षणी पायरीवर पाय टाकावा लागला. गुडघेदुखी असलेल्यांनी याचा आधी विचार करावा. आईचे वय तेव्हा एकाहत्तर होते, पण आयुष्यभर भातलावणी केलेली बाई, ती मुलांच्या आधी उतरली.

किल्ला पाहून मुले हरखली. कलालबांगडी तोफ पाहिली, भल्यामोठ्या बुरुजांवरून समुद्र पाहिला. खाऱ्या समुद्राच्या मध्यावर गोड्या पाण्याचे दोन तलाव कसे, हा प्रश्न आमच्या पुतण्याने तीन वेळा विचारला. सिद्दींचा हा किल्ला इतकी वर्षे कुणाला दाद न देता उभा राहिला, त्यात त्या तलावांचा वाटा मोठा. (आजचे ते साचलेले पाणी पिण्याच्या लायकीचे नाही, हे सांगायला नकोच. पण हात-तोंड धुणारी मुले मी तिथे पाहिली म्हणून सांगतो.)

परतीच्या होडीसाठी दाराशी रांगेत उभे असताना आई भिंतीला टेकून बसली. डोके दुखते म्हणाली. मळमळते म्हणाली. अंगाला घाम होता, हात गार लागत होते आणि नाडी जलद होती. ऊन बाधल्याची ही पहिली पायरी. तिला कमानीच्या सावलीत घेतले, चोळीची बटणे सैल केली, पाय पिशवीवर उंच ठेवले आणि जलसंजीवनीचे घोट द्यायला सुरुवात केली. दोन-चार घोट गेले असतील. मग तिने माझ्याकडे पाहून विचारले, “अरे, भात काढला का रे?”

मे महिना होता. भाताचे बी अजून कणगीत होते.

असंबद्ध बोलणे ही उन्हाच्या त्रासातली सर्वांत वाईट खूण. ऊन मेंदूपर्यंत पोचले असा त्याचा अर्थ. नुसती चक्कर, नुसते डोकेदुखीचे दुखणे सावलीने आणि पाण्याने बरे होते. पण माणूस बरळू लागला, दिवस-वार विसरला, चालताना झोकांड्या देऊ लागला, तर तो उष्माघात समजावा, मग अंग कोरडे असो की घामाने भिजलेले. घाम आहे म्हणजे उष्माघात नाही, हा समज चुकीचा आहे. अशा माणसाला तोंडाने पाणी पाजणे तिथेच थांबवावे, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. तापाची गोळी देऊ नये, या तापावर तिचा काही उपयोग नाही. आणि दवाखान्याची वाट बघत न बसता, आहे तिथेच, मिळेल त्या पाण्याने अंग थंड करायला लागावे.

आमच्याजवळच्या बाटल्यांतले उरलेले सारे पाणी आईच्या अंगावर ओतले. ओले लुगडे तसेच ठेवून वहिनी आणि सौभाग्यवती दोन्ही बाजूंनी ओढणीने आणि टोपीने वारा घालत राहिल्या. पाणी वाळायला वारा हवा, हे वर सांगितलेच आहे. रांगेतल्या लोकांनी काही न बोलता वाट दिली. तांडेलाने भरत आलेली होडी रिकामी करवून आम्हांला आधी घेतले. राजपुरीच्या धक्क्यावर मासळीसाठी बर्फ असतो. एका कोळीण मावशीने विचारल्याबरोबर पाटीतला बर्फ फडक्यात बांधून दिला. मानेच्या दोन्ही बाजूंना, काखेत आणि जांघेत, जिथे मोठ्या रक्तवाहिन्या कातडीजवळून जातात तिथे, तो ठेवला. पुढे सरकारी रुग्णालयात सलाईन लागले. संध्याकाळी पाचच्या सुमारास तिने मुलांनी काही खाल्ले का, असे विचारले, तेव्हा थोरल्या बंधूंनी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

रात्री तिच्याशी बोलताना खरे कारण कळले. पहाटे एक कप चहा, घाट उतरल्यावर दोन घोट पाणी, त्यानंतर किल्ल्यातून परतेपर्यंत काही नाही. बाटली तर सकाळपासून हातोहात फिरत होती. पण ती कुणाच्या घशाखाली उतरते आणि कुणाच्या नुसत्या ओठांना लागून पुढे जाते, याचा हिशेब सहलीत कोण ठेवतो? “तिथं बाईमाणसानं कुठं बसायचं?” एवढेच ती म्हणाली. वहिनींनी आणि आमच्या सौभाग्यवतीने एकमेकींकडे पाहिले. त्यांचाही दिवस तसाच गेला होता. आमची चौदा वर्षांची मुलगीसुद्धा तिसरी बाटली भरू नका म्हणत होती, ती ओझे नको म्हणून नव्हे.

दवाखान्यात येणाऱ्या बायकांकडे मी त्यानंतर वेगळ्या कानाने ऐकू लागलो. पाणी कमी प्यालात का, या प्रश्नाला ‘लक्षात राहिले नाही’ असे उत्तर मिळते. जरा थांबले, की खरे कळते. लक्षात चांगलेच होते. ठरवून प्यालेल्या नसतात. आदल्या रात्रीपासून बेत असतो. सकाळी चहा अर्धाच, जेवताना पाणी नाही, ताक तर नाहीच. वाटेत कुठे सोय असेल, ती कशी असेल, दाराला कडी असेल का, बाहेर पुरुषांची रांग असेल का, हे सारे प्रश्न पुरुषांना पडत नाहीत, म्हणून त्यांच्या बाटल्या रिकाम्या होतात आणि बायकांच्या भरलेल्या परत येतात. दिवसभर लघवी अडवून धरली आणि पाणीही पोटात गेले नाही, तर मूत्राशयातले जंतू धुऊन निघत नाहीत, तिथेच वाढतात. बायकांमध्ये मूत्रमार्ग आखूड असल्याने हा संसर्ग तसाही सहज होतो. दुर्लक्ष केले तर तो मूत्रपिंडापर्यंत चढतो. कमरेत एका बाजूला दुखणे, हुडहुडी भरून ताप, उलटी, ही त्याची चिन्हे आणि अशा वेळी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून भागत नाही. गरोदर बाईच्या बाबतीत तर एक दिवसही थांबू नये.

आईच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी जुळून आल्या होत्या. तिची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी होती. ती तिने सवयीप्रमाणे पहाटेच घेतली होती. आणि ताम्हिणीच्या वळणांवर गाडी लागते म्हणून शेजारणीने दिलेली अव्होमिनची एक गोळी निघताना आणि दुसरी माणगावला. गाडी लागण्याच्या या गोळ्यांनी झोप येते हे सर्वांना ठाऊक असते. त्यांनी घामही कमी होतो, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. घाम कमी म्हणजे शरीराचा गारवा कमी, आणि गुंगीमुळे माणूस मलूल झाला तरी ‘गोळीने पेंगुळलीय’ म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. दोन वर्षांखालच्या मुलांना तर ही गोळी देऊच नये. मधुमेहावरच्या नव्या गोळ्यांपैकी काही लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यांनीही अंगातले पाणी कमी होते. म्हणून गोळ्या बंद करा असे मी अजिबात म्हणत नाही. आपल्या मनाने रक्तदाबाची गोळी बंद करणाऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत. निघण्याच्या दोन-चार दिवस आधी गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आपल्या डॉक्टरांना विचारावे, सहलीच्या दिवशी ही केव्हा घेऊ? एवढेच पुरते.

तर मग करायचे काय? सहलीचा बेत आखताना जेवण कुठे, मुक्काम कुठे हे जसे ठरवतो, तसे बायका-मुलांनी उतरायचे कुठे हेही आधी ठरवावे आणि मोठ्याने बोलून ठरवावे. घरच्या कर्त्या पुरुषाने हा विषय काढला तर तो निघतो, नाही तर निघत नाही. ताम्हिणी उतरल्यावर माणगावला एखाद्या चांगल्या हॉटेलात चहाच्या निमित्ताने थांबावे. चहा नको असला तरी घ्यावा, कारण त्या चहाच्या पैशांत स्वच्छ मोरी मिळते. होडीच्या रांगेत उभे राहण्याआधी, धक्क्याजवळच्या खानावळीत किंवा घरगुती राहण्याच्या ठिकाणी पाच-दहा रुपये देऊन सोय होते का ते विचारावे. कोकणातली माणसे अशा कामाला सहसा नाही म्हणत नाहीत. रांगेत सर्वांनी उभे राहण्याची गरज नसते. दोघांनी रांग धरावी, म्हाताऱ्यांना आणि मुलांना सावलीत बसवावे. शक्य असेल तर आदल्या रात्री मुक्कामाला जाऊन सकाळच्या पहिल्या होड्यांनी किल्ला पाहावा आणि अकरापर्यंत परत यावे. सुट्टीच्या शनिवार-रविवारी तर दुसरा मार्गच नाही.

पाणी एकदम तांब्याभर पिऊ नये, थोडे थोडे पण वारंवार प्यावे. असे थोडे थोडे घेतलेले पाणी घामावाटे बरेचसे जाते आणि लघवीची घाईही होत नाही, हे बायकांना सांगितले की त्यांची भीती पुष्कळ कमी होते. पुरेसे प्यालो की नाही याची खूण लघवीच्या रंगात असते. फिकट पिवळी असेल तर ठीक, गर्द पिवळी, चहासारखी असेल किंवा पाच-सहा तास झालीच नसेल तर पाणी कमी पडते आहे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी मात्र भर दुपारी बेटावर जाऊच नये. ते समुद्र किनाऱ्यावरून पाहू शकतात.

नुसत्या पाण्याबरोबर मीठही जायला हवे. घरातली जलसंजीवनी साधी आहे. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ याहून जास्त नको. चव डोळ्यांतल्या पाण्याइतकीच खारट लागावी. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत असेच मीठ-साखरेचे पाणी कालवून नातेवाइकांच्या हाती पेले दिले आणि असंख्य जीव वाचवले. बाजारातली पुडी घेतली तर ती पूर्ण, पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात घालावी, अर्धी पुडी पेल्यात नको. दुकानांत फळांच्या चवीची रंगीत पेये ‘ओआरएस’ म्हणून विकली जात, त्यांत साखरच फार असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर हा शब्द वापरायला मनाई केली. तरी जुना माल दिसला तर फसू नये. ताक, मीठ घातलेले लिंबूपाणी, कोकमाचे सरबत, पन्हे, शहाळे ही आपली पेये उत्तम. बर्फाचे गोळे आणि उघड्यावरचे सरबत मात्र टाळावे, बर्फ कुठल्या पाण्याचा ते कळत नाही.

मुलांना तहान सांगता येते असे आपण धरून चालतो. खेळाच्या नादात ती सांगत नाहीत. नेहमी दंगा करणारे पोर एकाएकी गप्प बसले, कडेवर घे म्हणू लागले, तर शहाणपणा आला असे समजू नये. सावलीत घ्यावे, पाणी द्यावे.

आई हल्ली दरवर्षी मुलांबरोबर कोकणात येते, पण नोव्हेंबरात, दिवाळीची सुट्टी संपता संपता. पावसाळ्यात या किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात आणि पाऊस सरल्यावर पुन्हा सुरू होतात. त्या दिवसांत हवा बरी असते, मात्र रांग तेवढीच असते. तिच्या पिशवीत आता स्वतःची वेगळी बाटली असते आणि माणगावला गाडी थांबवा, असे ती स्वतःच चालकाला सांगते.

समुद्रात डुंबून आल्यावर मुलांचे कान का दुखतात आणि त्यांत गरम तेल का घालू नये, याविषयी पुढच्या आठवड्यात.